घडीकाका आणि तळ्याकाठची खोली

घडीकाकांना समोर कापड मोकळं पडलेलं बघवत नसे. बोलता बोलता त्यांचा हात पुढे यायचा आणि खुर्चीवर टाकलेली ओढणी, दारावरचा टॉवेल, कुणाच्या खांद्यावरचा गमछा, जे सापडेल ते चौकोनी घडी होऊन मालकाच्या मांडीवर परत यायचं. बोलणं मात्र तसंच चालू राहायचं. एकदा नवापूरच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईची शाल अशीच घडी करून तिच्या हातात दिली. ती बाई थोडा वेळ शालीकडे बघत राहिली आणि मग मागे वळून काकूंना म्हणाली, "हे तुमचे का? घरी काही काम शिल्लक ठेवतात की नाही?" काकू म्हणाल्या, "कापडाचं ठेवत नाहीत. बाकीचं सगळं ठेवतात."

काकांचं सगळं आयुष्य सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात गेलं. रंगून, वाळून, प्रेस होऊन आलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या, हेच काम. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या सोसायटीत बहुतेक घरं खान्देशातून आलेली, घरात अहिराणी आणि बाहेर हिंदी-गुजराती बोलणारी. तिथे त्यांचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. लहान-मोठे सगळे त्यांना घडीकाकाच म्हणत.

माझे ते खरे काका, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. वडील दोंडाईच्याला जिनिंगमध्ये कामाला होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी शिकलेलं नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा काका गावाला आलेले होते. पुढे काय, असा प्रश्न निघाला. काका म्हणाले, "पोरीला सुरतेला नेतो. कॉलेज घराजवळ आहे. आणि एक माणूस वाढलं म्हणून काही भिंत मागे सरकवावी लागत नाही." आईने माझे कपडे एका पिशवीत भरले. काकांनी ती पिशवी उघडली, सगळे कपडे बाहेर काढले, एकेकाची नव्याने घडी केली आणि पुन्हा भरले. पिशवीत अर्धी जागा उरली. "बघ, पुस्तकं मावतील," ते म्हणाले. त्या उरलेल्या जागेत मी माझी पदवी घेऊन आले, असं मला अजून वाटतं.

पण सोसायटीला काका आठवतात ते घड्यांसाठी नाही, खोल्यांसाठी. त्यासाठी सुरतेची दिवाळी माहीत असायला हवी. लक्ष्मीपूजन झालं की कापड मार्केटची शटर खाली येतात, मिल बंद होते, लूमची खटखट थांबते. पाडव्यानंतर येणाऱ्या लाभपाचमेपर्यंत तर कुणी कुलूप काढतच नाही. वर्षभर ज्यांना धड रविवार मिळत नाही, त्या माणसांना एकदम सुट्टी लागते, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी लागते. मग अर्धं शहर गावाला जातं आणि उरलेलं अर्धं मुलाबाळांना घेऊन फिरायला निघतं. उदयपूर असो, नाशिक असो की इंदूर, हॉटेलच्या दारात सुरतेच्याच गाड्या. हॉटेलवालेही वर्षभर याच आठवड्याची वाट बघत बसलेले. एरवी मिलमधल्या माणसाला परवडणारी खोली त्या दिवसांत हाताला लागत नाही. ती खोली शोधून द्यायचं काम काका करत. नवरात्र संपलं की ओट्यावर सतरंजी टाकून, कानाला फोन लावून बसायचे. ही दलाली नव्हती. परत आल्यावर खोलीच्या खिडकीतून काढलेला एक फोटो त्यांना दाखवायचा, एवढीच त्यांची अट असे.

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. तरुणपणी ते आपल्या आईला दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला घेऊन गेले होते. खोली मिळेना, म्हणून म्हातारीला बसस्टँडच्या बाकावर झोपावं लागलं. "ती काही बोलली नाही," काका म्हणाले, "उलट म्हणाली, इथं वारा छान लागतो." एवढं सांगून त्यांनी माझ्या वहीवर पडलेला हातरुमाल उचलला आणि त्याची घडी केली.

खोलीचे फोटो बघायची त्यांची एक रीत होती. आम्ही मुलं फोनवर फोटो दाखवायचो तेव्हा पांढरीशुभ्र गादी, टॉवेलचे केलेले हंस, भिंतीवरचा टीव्ही यावर आमची नजर जायची. काका दोन बोटांनी फोटो मोठा करत आणि म्हणत, "आधी खिडकी बघ. पलंग सगळेच दाखवतात." खिडकी बंद असेल तर बाहेर उकिरडा आहे. पडदा ओढलेला असेल तर मागे भिंत आहे. खिडकी दिसतच नसेल तर ती खोली नाही, कपाट आहे. पुढे मला कळलं की काकांचे हे नियम कधी कधी चुकायचेही. सोसायटीतलं एक कुटुंब त्यांच्या सांगण्यावरून मोठी खिडकी बघून इंदूरला गेलं, तर त्या खिडकीखाली रोज संध्याकाळी बँडवाले सराव करायचे. त्या घरातली माणसं नंतर कितीतरी दिवस काका दिसले की तोंडाने बँड वाजवायची. काकाही मग ताल धरायचे.

दुसरी रीत फोनवर बोलण्याची. खोली आहे का, हा प्रश्न ते आधी कधीच विचारत नसत. पलीकडे कुणी फोन उचलला की पहिलं वाक्य असायचं, "भाई, तमारुं गाम कयुं?" गुजराती चालली नाही तर तेच हिंदीत. पलीकडचा माणूस गोंधळायचा. हॉटेलच्या काउंटरवर बसणाऱ्याला त्याचं गाव कुणी विचारत नाही. मग तो बोलायला लागायचा. गावाला पाऊस कसा झाला, घरी कोण असतं, सुट्टी मिळते का. चहा थंड होईपर्यंत हे चालायचं आणि शेवटी काका म्हणायचे, "हमारे उधर से एक फॅमिली आ रही है. छोटे बच्चे हैं. आप अपने गाँव का समझके एक कमरा देखो ना." कितीदा तरी नाही म्हणालेली खोली अशी हो म्हणायची.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्यांचा आवडता शोध. "जिथं फिरायला आलेले उतरतात तिथं दिवाळीत जागा नसते. जिथं व्यापारी उतरतात तिथं विचारा. व्यापारी दिवाळीत आपल्या घरी असतो." रिंग रोडवरची हॉटेलं वर्षभर बाहेरगावच्या कापडवाल्यांनी भरलेली असतात आणि दिवाळीत ओस पडतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जे सुरतेत होतं ते सगळीकडे होत असणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

अशा खोल्या मिळवून देणारा माणूस स्वतः मात्र कधी हॉटेलात राहिला नव्हता. दिवाळीत सोसायटी रिकामी व्हायची आणि काका फोन घेऊन ओट्यावर. कुणाची खोली आयत्या वेळी अडली तर फोन उचलायला कुणीतरी हवं, हे त्यांचं म्हणणं. काकू आत साड्यांना लेस लावत बसलेल्या असायच्या. तिथूनच त्यांचा आवाज यायचा, "जगाला खिडक्या वाटा. आम्हाला ओटा आहेच."

काकूंना तळं बघायचं होतं किंवा राजवाडा बघायचा होता, असं नव्हतं. त्यांची इच्छा वेगळीच होती. एकदा भांडी घासता घासता त्या मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एक सकाळ अशी गेली नाही की उठल्या उठल्या मी अंथरूण काढलं नाही. बाळंतपणातसुद्धा काढलं. मला एकदा अशा ठिकाणी झोपायचंय, जिथं सकाळी उठायचं आणि तसंच निघून जायचं."

माझा निकाल लागला, सुरतेजवळ हजीऱ्याला एका कंपनीच्या ऑफिसात मला नोकरी लागली. पहिल्या दिवाळीला मी म्हटलं, या वर्षी आपण तिघं जायचं, खर्च माझा. काकांनी नेहमीचं कारण काढलं. "मी गेलो तर फोन कोण उचलणार?"

"फोन काय उधन्याच्या बाहेर वाजत नाही?" काकू म्हणाल्या. मग सुई कापडात तशीच टोचून ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंदा माझे गुडघे जिना चढताहेत. पुढच्या वर्षीचं मी सांगत नाही."

काका मला म्हणाले, "खर्च तुझा असेल. खोली मी बघणार."

त्या वर्षी जितकी शोधाशोध झाली तितकी कधी कुणासाठी झाली नसेल. जायचं उदयपूरला ठरलं. मी फोनवर तिथली हॉटेलं दाखवत होते आणि काका एकेक नाकारत होते. येणारे-जाणारे विचारायचे, "काका, मिळाली का खोली? नाहीतर आम्ही शोधून देऊ का?" व्यापाऱ्यांच्या वस्तीत जागा होत्या, पण काका म्हणाले, "आयुष्यात एकदा जायचं तर पाणी दिसायला हवं." शेवटी तळ्याच्या मागच्या गल्लीतलं एक लहान हॉटेल मला सापडलं. फोटोत पडदा वाकडा लटकत होता आणि खिडकीच्या कोपऱ्यात पाण्याचा निळा तुकडा होता. काका खूश झाले. "ह्यानं पडदा सरळ न करता फोटो काढलाय. हा माणूस खोटं बोलणार नाही." मग गाव विचारणं वगैरे झालं आणि दोन रात्रींसाठी खोली ठरली.

पहिला दिवस फार छान गेला. खोली बघितल्याशिवाय काकांनी पिशवी खाली ठेवली नाही. खोली बघितल्यावर पडदा बोटांत धरून म्हणाले, "कापड आपल्या पांडेसऱ्याच्या मिलचं." काकू खिडकीशी जाऊन बसल्या. एवढंसं तळं दिसत होतं, पण त्या जेवायला बोलावेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. झोपताना मला म्हणाल्या, "उद्या मी उशिरा उठणार. आणि उठून काही करणार नाही."

सकाळी मी जागी झाले तेव्हा काकू खोलीच्या मध्ये उभ्या होत्या. काका त्यांच्याही आधी उठले होते. चादरी, रजया, टॉवेल, सगळ्याची मिलमध्ये होते तशी कडक घडी होऊन पलंगाच्या एका टोकाला थप्पी लागली होती. वाकडा पडदासुद्धा सरळ झाला होता.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," काका आनंदाने म्हणाले. "तुला करावं लागू नये म्हणून."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग मी इथवर कशाला आले?" त्या म्हणाल्या. काकांना काही उमगलं नाही. काकूंनी बाहेर जाऊन कुणाकडून तरी झाडू मागून आणला आणि खोली झाडून काढली. "अर्धं झालंच आहे तर पुरतं करू." मी नको म्हटलं तर माझ्याही अंगावर आल्या. चोरी नको म्हणून काकांनी गादीखालचं झाकण उचलून आमच्या पिशव्या पलंगाच्या पेटीत ठेवल्या. फिरायला निघताना किल्ली काउंटरवर दिली, कारण किल्ली दुसऱ्याची वस्तू. काउंटरवर आदल्या दिवशीचा माणूस नव्हता.

संध्याकाळी फिरून आलो तर आमच्या दाराबाहेर चपला होत्या. त्यांत एक जोड तळहाताएवढा.

मॅनेजर धावत आला. सकाळच्या माणसाने किल्ली परत आलेली पाहिली, वर जाऊन खोली पाहिली, सामान कुठेच नाही, म्हणून आम्ही गेलो असं समजून त्याने ती ताटकळत बसलेल्या एका कुटुंबाला देऊन टाकली होती. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "साहब, कमरा देखके लगा ही नहीं कि यहाँ कोई ठहरा था. हमारे लड़के भी इतना साफ नहीं करते."

दार उघडलं ते एका तरुण माणसाने. तोही सुरतेचाच निघाला, वराछाचा. आत पलंगावर त्याची म्हातारी आई झोपली होती आणि तिच्या कुशीत लहान मूल. सगळा प्रकार कळल्यावर तो बिचारा ओशाळला. मॅनेजर म्हणाला, यांना आत्ता खाली करायला लावतो. तो तरुणही निघायला तयार झाला, "अमे नीकळी जईए, काका." काकांनी पलंगाकडे पाहिलं. म्हातारीचा एक पाय चादरीबाहेर आला होता. "बाने सुवा दो," ते म्हणाले. आईला झोपू द्या. आमच्या पिशव्या त्या झोपलेल्यांच्या खालून, पेटीचं झाकण जराजरा उचलून आम्ही बाहेर काढल्या.

हॉटेलात दुसरी खोली नव्हती. मॅनेजरने ओळखीच्या सगळ्यांना विचारलं, कुठेच नव्हती. आम्ही दाराशी पायऱ्यांवर बसलो. काकांच्या हातात फोन होता, पण बोट चालत नव्हतं. एवढ्यात तो फोनच वाजला. आमच्या सोसायटीतलं कुणीतरी नाशिकला अडकलं होतं, ठरलेली खोली मिळत नव्हती. काका सवयीने बोलायला लागले, "घाबरू नको, आधी मला सांग..."

काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला. "भाऊ, थोड्या वेळानं कर. आत्ता घडीकाकाच खोली शोधताहेत." फोन बंद केला आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे निघाल्या. मीही मागे गेले.

"भैया," त्या चहावाल्याला म्हणाल्या, "बाहर से दुकानवाले लोग माल लेने आते, वो किधर उतरते?"

चहावाला हसला. "माताजी, वो तो उधर बाज़ार में उतरते हैं. पर वहाँ से झील नहीं दिखती."

"झील देख ली. अब सोना है."

त्याच्याकडून नंबर घेऊन काकूंनी फोन लावला. मी ऐकत होते. पलीकडून आवाज आला आणि काकूंनी विचारलं, "भैया, आपका गाँव कौनसा?" तो बांसवाड्याकडचा होता. मग काकूंनी विचारलं, दिवाळीत घरी का नाही गेलात? तो म्हणाला, "किसी को तो रुकना पड़ता है, माताजी." काकूंनी पायरीवर बसलेल्या काकांकडे एक नजर टाकली. "हमारे घर में भी एक ऐसा है," त्या म्हणाल्या. पलीकडचा माणूस मोठ्याने हसला. सगळी लॉज रिकामी आहे, म्हणाला. या आणि जी खिडकी आवडेल ती घ्या.

ती खोली जुनी होती, पण ऐसपैस. खिडकीतून एक बंद बाजार दिसत होता. मिटलेली शटर, त्यांवर झेंडूची तोरणं, आणि एका दुकानाच्या पायरीवर विझायला आलेली पणती. काका खिडकीशी उभे राहिले. "पाणी नाही दिसत," ते म्हणाले. तेवढीच त्यांची माफी. काकू म्हणाल्या, "मला काय पोहायचंय?"

सकाळी काकांचा हात रजईकडे गेला तेव्हा काकूंचे डोळे मिटलेलेच होते. त्या तशाच पडून म्हणाल्या, "हात लावू नका." आणि मग अहिराणीत, "आज घडी करानी नही."

काकांनी हात मागे घेतला. पण मोकळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. खिशात घातले, बाहेर काढले, शेवटी पाठीमागे एकमेकांत धरून ते पलंगाशेजारी उभे राहिले. चहा आला. काकूंनी तो पलंगावर बसूनच प्यायला. मग उठल्या, केस बांधले, दारापर्यंत गेल्या आणि वळून त्यांनी पलंगाकडे पाहिलं. चादर चुरगळलेली, रजई अर्धी जमिनीवर, उशीवर डोक्याचा खळगा. पोटभर पाहून घेतलं आणि दार ओढलं. जिन्यात काका हळूच म्हणाले, "मंगलची आई, निदान टॉवेल?" मंगल म्हणजे त्यांची नवापूरला दिलेली मुलगी.

"टॉवेलसुद्धा नाही."

परतीच्या बसमध्ये काकू त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या. त्यांच्या पदराचं टोक काकांच्या हातात होतं. काका त्याची घडी करायचे, थोडा वेळ बघायचे आणि पुन्हा मोकळं करायचे.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या फोल्डिंग खात्यातले सोबती आले होते. काकांच्या अंगावर पांढरं कापड घातलं, ते एका बाजूला जरा तिरकं झालं होतं. कुणी काही न सांगता चौघं चार कोपऱ्यांना गेले आणि त्यांनी ते कापड एकाच वेळी ताणून सरळ केलं. मला तेव्हा रडू आवरलं नाही.

त्या वर्षी नवरात्र संपल्यावर काकांचा फोन वाजला. काकूंनी तो बंद केला नव्हता. पुण्याकडे निघालेल्या कुणालातरी बातमी कळलेली नव्हती. काकू म्हणाल्या, "काका नाहीत आता." मग त्यांनी विचारलं, "पण तुम्ही खिडकी बघितली का?" तेव्हापासून ओट्यावरच्या सतरंजीवर काकू बसतात. मांडीवर लेस लावायची साडी असते आणि कानाला फोन.

गेल्या दिवाळीत मी आई-वडिलांना नाशिकला घेऊन गेले. दोघांनीही तोवर हॉटेलची पायरी चढलेली नव्हती. मी खोलीचे फोटो काकूंना पाठवले. त्यांनी ते मोठे करून पाहिले असणार, कारण बऱ्याच वेळाने फोन आला. "खिडकी बरी आहे. घे. आणि तुझ्या आईला सांग, सकाळी उठून अंथरुणाला हात लावायचा नाही."

"ती ऐकणार नाही, काकू."

"माहीत आहे. म्हणून तू तिच्याआधी उठ."

मी आधी उठले. आईचे डोळे उघडले, ती उठून बसली आणि तिचा हात चादरीकडे गेला. मी तो धरला आणि काकूंचा निरोप सांगितला. ती आधी हसली, मग तिने वडिलांकडे बघितलं आणि पलंगावरून उतरली.

काकूंना मी दोन फोटो पाठवले. एक खिडकीतून काढलेला. दुसऱ्या फोटोत पलंगावर चादर चुरगळून पडली आहे आणि तिच्या शेजारी माझी आई उभी आहे, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून.